बिनफळाची फुलं

तलावाच्या पोटातली ती पट्टी नावावर झाली, तेव्हा कौसल्याला धड घास गिळवेना. हौस होतीच, पण हौसेच्या डोक्यावर धास्ती चढून बसली होती.

पाणी ओसरलं की तलावाच्या काठाला काळाभोर गाळ उघडा पडायचा. आजवर तो गाळ काठावरच्या वावराचा मालक सर्जेराव आपलाच समजून पेरत आला होता. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्या साली मात्र पंचायतीनं पट्ट्या पाडून बिनजमिनीच्या घरांना दिल्या. बौद्धवाड्यातल्या कौसल्याला एक मिळाली आणि तिला लागूनची पट्टी साळूबाई नावाच्या एकट्या म्हातारीला. अट एकच. पाडवा झाला की पंच बघायला येतील. उभं पीक दिसलं तर पुढल्या सालीही पट्टी तिचीच, नाही दिसलं तर ज्याला पिकवता येतं त्याला. आणि ज्याला पिकवता येतं तो बांधापलीकडेच उभा होता.

सर्जेराव वाईट काही बोलला नाही. उलट हसून म्हणाला, "पेरा ना बाई, पेरा. पर मजुरी येगळी आन् शेती येगळी."

हे बोलणं तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडावा तसं मोडून राहिलं. जन्मभर तिनं दुसऱ्याच्या वावरात निंदलं, खुरपलं, वेचलं. दुष्काळात याच तलावाची माती पाट्या भरभरून वाहिली. पण काय पेरायचं हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

नवरा धर्मराज जालन्याच्या मोंढ्यात हमाली करायचा आणि बाजाराच्या दिवशी घरी यायचा. तो म्हणाला, मेथी टाक, जल्दी येते, चुकायचं काही कामच नाही. पण मेथी पाडव्याच्या आतच खाऊन संपली असती. कौसल्या म्हणाली, मी दुधी लावते, दुधीतलं मला कळतं.

हे ती हवेत बोलत नव्हती. दोन हंगाम ती दुधीच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला गेली होती. तिथं बायकांना ओळी वाटून दिलेल्या असत आणि मुकादमानं एकच धडा शिकवला होता: ज्या फुलामागं बारकं फळ आहे ते ठेवायचं, ज्याच्यामागं नुसता दांडा आहे ते उमलायच्या आत मोडायचं. एक जरी राहिलं तरी बियाणं बिघडतं. कौसल्याचा हात असा बसला होता, की चालता चालता बोटं आपोआप खुडत जायची. मुकादमानं सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती. पलीकडे काही ओळी अशा होत्या, की त्यांना या बायकांनी हातसुद्धा लावायचा नाही. त्या मालकाच्या घरच्या भाजीसाठी असतील, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारणार कुणाला? मुकादमाला प्रश्न आवडत नसत.

तर संक्रांत झाल्यावर तिनं आळी केली, बी टोकलं, काठाकाठानं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. पाणी घागरीनं घालायचं. तलाव रोज थोडा मागं सरकायचा आणि तिची वाट रोज थोडी लांब व्हायची. वेल मात्र गाळाचं खाऊन असे पसरले, की साळूबाई वांग्यांना पाणी घालता घालता थांबून बघायची. फुलं लागली. बिनफळाचं फूल दिसलं, की कौसल्याची दोन बोटं गेलीच. एकही उमलू दिलं नाही. साळूबाईला जरा नवल वाटलं, पण म्हणाली, "तू प्लॉटवर शिकून आलीस बाई, तुला म्या काय सांगू."

मग बारकी फळं पिवळी पडायला लागली.

आधी एक, मग वेलावरची सगळी. बोटाएवढं व्हायचं, शेंड्याकडून सुकायचं आणि गळायचं. कौसल्यानं पाणी वाढवलं. मग कमी केलं. शेळीच्या लेंड्या घातल्या, राख टाकली. रोज सकाळी ती आधी वेलाजवळ जाऊन फळांना हात लावून बघायची. तापलेल्या लेकराच्या अंगाला लावून बघावा तसा. साळूबाई म्हणाली, दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांध. आपल्या घरानं हे सगळं कधीच सोडलं, हे कौसल्यानं तिला ठामपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुंपणावर फाटकी चप्पल उलटी टांगली. धर्मराजनं विचारलं तर म्हणाली, कावळ्यांसाठी आहे. तो चपलेकडं बघत राहिला.

सर्जेराव बांधावरून जाता-येता नुसता खाकरायचा. ते तर बोलण्याहून वाईट.

पाडवा अगदी तोंडावर आला होता. तिच्या शेळीनं कुंपणातून मुंडी घातली म्हणून ती फांदी सारखी करायला गेली, तर काट्यांच्या जाळीत, हात जाणार नाही अशा जागी, एक वेल चढून बसला होता. त्याला दुधी लागले होते. चांगले वीतभर, लुसलुशीत, हिरवे. तिला वाटलं, इथली माती वेगळी. पण मूळ तर तिच्याच आळ्यात होतं. तिनं वाकून, गालावर ओरखडे घेत आत बघितलं. वेलावर बिनफळाची फुलं सुकून लोंबत होती. भरपूर. तिला मोडता आली नव्हती, एवढाच काय तो फरक.

तिला प्लॉटवरच्या, हात न लावायच्या त्या पलीकडच्या ओळी आठवल्या. त्यांच्यावर असलीच फुलं पांढरी फेक उमललेली असायची. त्या फुलांचा पराग लागल्यावाचून प्लॉटवर फळ धरलंच नसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिला नेमून दिलेल्या कामाला ते लागत नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं खुडणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, बोटं ऐकेनात. शेवटी अंगठ्याला चिंधी गुंडाळली. बाजाराच्या दिवशी धर्मराजनं विचारलं, कापलं काय? तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "मला बी पोती उचलायचीच ठाव हायेत. आत काय हाय, कुठं चाललं, कोण सांगतं?" आणि उठून घागर घेऊन गेला.

पंच आले तेव्हा ऊन चढलं होतं. सरपंच तातेराव, दोघं पंच आणि न बोलावता सर्जेराव. साळूबाईची वांगी बघून ते पुढं आले. वेल हिरवेगार, आणि फळं? कुंपणातली तेवढी मोठी. बाकी सगळी बोटाएवढी, लवदार. असली बारकी फळंच तर आजवर गळत आली होती.

तातेरावांनी विचारलं, इतक्या दिवसांत एवढंच काहून? कौसल्याच्या तोंडात गाळाचं, पाण्याचं, किडीचं नाव तयार होतं. पण खोटं बोलून पट्टी राखली, तर पुढल्या सालीही तिला तेच खोटं राखत बसावं लागलं असतं.

"म्याच मोडली," ती म्हणाली. "बिनफळाची फुलं. प्लॉटवर मोडायची सवय, तीच इथं चालवली. आता मोडत न्हाई."

एक पंच फिसकन हसला. सर्जेराव हसला नाही. म्हणाला, "म्या म्हन्लंच व्हतं."

तातेरावांनी त्यालाच पुढं केलं. "तुमी जाणते. बघा बरं, ही धरलीत का गळणार?"

'गळणार' म्हटलं की पट्टी त्याचीच. सर्जेराव उकिडवा बसला. एक दुधी त्यानं दोन बोटांवर तोलला, दांडा चाचपला, शेंड्यावरचं वाळकं फूल हलकेच काढलं. मग दुसरा, मग तिसरा. त्याचा चेहरा आंबट झाला होता, पण बोटं फळावरून मायेनं फिरत होती.

"धरलंय," तो म्हणाला. "सगळं धरलंय." आणि धोतर झटकत उठला.

तातेराव म्हणाले, मग प्रश्नच मिटला, पट्टी हिचीच. पंच चालू लागले. कौसल्याचं हात जोडायचंही राहून गेलं.

बांध ओलांडता ओलांडता सर्जेराव मागं वळला. "फळाखाली पालापाचोळा घाल. माती लागली की सडतंय."

तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. मग ओटीभर वाळका पाला गोळा करून आणला. खरं सांगितलं असेल, की जाता जाता दावा साधला असेल? साळूबाईला विचारावं, तर ती म्हणणार, तुला म्या काय सांगू.

तिनं थोडा विचार केला आणि पाला आधी एकाच फळाखाली घातला.