पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय

आमच्या घरी पाहुण्याला पासवर्ड आधी मिळतो, पाणी नंतर. हा माझ्या बाबांचा नियम. बाबा म्हणजे अंकुश पेंटर. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. मग सगळीकडे फ्लेक्स आले, आणि हात शिवशिवला की बाबा आता आमचं घरच रंगवतात. वायफाय लागलं त्या दिवशी त्यांनी फाटकाशेजारच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं वायफायचं नाव आणि खाली पासवर्ड रंगवून टाकला. वर अक्षरांना पिवळी सावलीही दिली.

"लोकांले विचारायची लाज वाटते ना वं," ते म्हणाले. "आपनच आधी सांगून टाकलेलं बरं."

भिंतीचं तोंड रस्त्याकडे आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तर म्हणे, "मंग? पाहुणे रस्त्यानंच येतात ना?"

आता यावर डोकं कुठे आपटायचं? भिंतीवर आपटलं असतं, पण ती ओली होती.

बरं, पासवर्ड तरी कसला, तर जयभीम आणि पुढे छप्पन्न साल. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुठल्याही घरासमोर उभं राहून हाच टाकला तर दर दुसऱ्या घरी लागतो. आमच्याकडे तेवढाही त्रास नाही, वाचा आणि टाका. पाणीपुरीवाला आमच्याच फाटकाशी गाडी लावू लागला. कॉलेजची पोरं कुंपणावर येऊन बसू लागली आणि बाबा त्यांना चहा पाठवू लागले.

मागच्या दसऱ्याला तर कहर झाला. दीक्षाभूमीवर जायला आलेले पाहुणे घरभर उतरले होते. त्यात आमच्या जितेंद्रकाकांनी कोपऱ्यात बसून फोनवर टकलावर केस उगवण्याच्या तेलाचा व्हिडिओ लावला. कुठलं बटण दाबलं कोणास ठाऊक, तो समोरच्या खोलीतल्या टीव्हीवर सुरू झाला, पूर्ण आवाजात, भरल्या घरासमोर. काका टोपी घट्ट धरून बसले. त्याच दुपारी कोणाच्या तरी फोनवरून माझ्या प्रिंटरनं एका म्हशीचा फोटो छापायला घेतला, तो कागद संपेपर्यंत छापतच राहिला. म्हैस विकायची होती म्हणे. सगळे पोट धरधरून हसले. मीसुद्धा हसले, पण म्हशींचा गठ्ठा उचलून आधी माझा लॅपटॉप बंद केला.

कारण माझं पोट याच वायफायवर चालतं. मी पायल. डॉक्टर आपले रिपोर्ट बोलून ठेवतात, ते ऐकून मी नीट लिहून काढते. कोणाचं काळीज, कोणाचं मूत्रपिंड, कोणी नवऱ्यालाही न सांगितलेलं दुखणं, सगळं माझ्या लॅपटॉपात असतं. कंपनी पुण्याची. दोन वर्षं मी तिथं राहिले. तिथलं गोड वरण खाल्लं, माझ्या 'काहून'वर लोक हसले ते सोसलं, आणि शेवटी भांडून घरून काम करायची परवानगी मिळवली. मला इथं करमतं. आईच्या हातचं तिखट लागतं, गल्लीतला गोंधळ लागतो. तिथं माझा जीव नुसता कोमेजून गेला होता.

तर यंदा दसऱ्याच्या तोंडावर कंपनीचं पत्र आलं. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचं नेट व्हिडिओ कॉलवर तपासणार. ज्या जोडणीवर काम चालतं तिच्यावर बाहेरच्या कोणाचाही फोन दिसला की घरून काम बंद, पुण्याला हजर व्हा. तपासणी कधी? दसऱ्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. नागपूरचा दसरा या लोकांनी जन्मात पाहिलेला नसावा.

मी चिडले. चिडले की माझं डोकं फार छान चालतं. राउटरमध्ये एक सोय असते: घरासाठी एक जोडणी, पाहुण्यांसाठी दुसरी. नेट दोघांना सारखंच मिळतं. पण पाहुण्यांच्या जोडणीवरून घरातला टीव्ही, प्रिंटर, लॅपटॉप काही दिसत नाही, आणि पाहुण्यांचे फोन एकमेकांनाही दिसत नाहीत. मी ती चालू केली. आतल्या जोडणीला असा पासवर्ड ठेवला की तो मला स्वतःलाही कागदावर बघून टाकावा लागला. आणि बाबांना म्हटलं, भिंत पुसा.

बाबांना किती दिवसांनी काम मिळालं होतं! जुनी भिंत त्यांनी आनंदानं पांढरी केली. नवीन पाटी फाटकाच्या आतल्या बाजूला रंगवायची, एवढं मी भांडून कबूल करून घेतलं. संध्याकाळी त्यांनी मला हात धरून बाहेर नेलं. टपोऱ्या अक्षरांत, लाल किनार देऊन, लिहिलं होतं: 'पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय'. खाली पासवर्ड आणि एक ऐटदार बाण.

"कसं?" बाबा म्हणाले.

"एकदम झकास," मी म्हणाले. आणि मला खरंच ते झकास वाटलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी पारशिवनीहून जीप आली. जीपमधून माणसं निघतच राहिली. सगळ्यात शेवटी उतरली सिंधूआत्या. ती बाबांची आत्या, म्हणून आम्हा सगळ्यांचीच आत्या. वय पंचाहत्तर, पांढरंशुभ्र लुगडं, आणि हातात माझ्याहून भारी फोन. आत्या गावाकडच्या बायांना दीक्षाभूमीवरून लाइव्ह दाखवते, त्यामुळे नेट तिला जीव की प्राण. मागच्या वर्षी उतरल्या उतरल्या तिनं विचारलं होतं, "रेंज हाय का वं?"

या वेळी ती फाटकातून आत आली, पाटी वाचली आणि तिथंच थांबली. पुन्हा वाचली. मग पायरीवर बसली, बाहेरच. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हातही लावला नाही.

"आत्या, पानी घे ना वं," बाबा म्हणाले.

"पाहुण्याचं पानी बी वेगळं हाय का गा, अंकुश?"

बाबांना काही कळेना. मलाही कळेना. आत्यानं पाटीकडे बोट केलं.

"पारशिवनीच्या चहाच्या हॉटेलात आमच्या कपबश्या वळचणीले खोचून राहत. आपली आपन काढाची, प्याची, धुवाची, परत खोचाची. माह्या बापानं मले खांद्यावर बसवून इथं आनलं छप्पन्न साली. दीक्षा घेतली, घरी गेला, अन् पयले वळचणीतली कपबशी काढून फोडली. पर एक सांगतो. वेगळ्याले वेगळं म्हनून एवढ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं मी आजच पाहून राहिली."

बाबांचं तोंड उतरलं. ते पाटीकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कोणी रंगवली होती.

मी शहाणीनं मध्ये तोंड घातलं. "आत्या, ते पान्यासारखं नाही वं! मशीन आहे ते. मशीनले काय समजते?"

"कपबशीले तरी कुठं समजत होतं?" आत्या म्हणाली.

मला लाज वाटली आणि रागही आला. आत्याचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं.

जीपमधली सगळी माणसं आता हातातले फोन खिशात घालून अंगणात उभी राहिली. आत्या वायफाय घेत नाही म्हटल्यावर कोण घेणार? बाबा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आतला पासवर्ड दे सगळ्यांले."

"बाबा, आतला दिला तं मले उद्या पुण्याले जावं लागते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या आत्याकडे. मला तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि मग तर मला कोणावर चिडावं तेच सुचेना.

आई मात्र व्यवहारी. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "काय कराचं ते लवकर करा बाप्पा. माह्या भात खाली लागून राहिला."

तपासणीची वेळ होत आली होती. मी पाटीकडे पाहिलं. 'पाहुण्यांसाठी वेगळे'. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं की उलटं का नाही?

"आई, तुया फोन दे!" मी ओरडले. "बाबा, तुमचापन! कोनी विचारू नका, फक्त द्या!"

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. आईचा फोन मी आतल्या जोडणीवरून काढला आणि पाहुण्यांच्या जोडणीवर टाकला. बाबांचाही टाकला. टीव्ही टाकला. फाटकावरचा कॅमेरा टाकायला स्टुलावर चढले, तर जितेंद्रकाकांनी स्टूल धरलं आणि टोपी पडली तरी सोडलं नाही. प्रिंटर टाकताना त्यानं घाबरून एक कोरा कागद बाहेर फेकला. अंगणातली माणसं काय चाललंय ते न कळताच हसायला लागली, आणि मलाही हसू आवरेना. हसतहसतच मी आत्यासमोर जाऊन बसले.

"आत्या, आता पाय. बाबा पाहुण्यांच्यात. आई पाहुण्यांच्यात. टीव्हीबी पाहुण्यांच्यात. या घरात आता सगळ्यांचं एकच वायफाय आहे."

आत्यानं डोळे बारीक केले. "अन् आतल्यावर कोन?"

"मी एकटी."

"तू काहून वेगळी बसतं वं?"

"माह्यापाशी लोकांची दुखनी आहेत, आत्या. त्यांनी विश्वासानं डॉक्टरले सांगितली. ती कोनाले दिसू नये म्हनून कोनीतरी एकटं बसलं पाह्यजे. तं मी बसते."

आत्या म्हणाली, "धानात डुकरं येतात तं मचाणावर एकटाच बसते मानूस. त्याले कोनी वाळीत टाकला म्हनत नाही." आणि तिनं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याली, तोंड पुसलं. "अंकुश, काय पासवर्ड हाय गा?"

अंगणात एकच गलका झाला. सगळे फोन बाहेर आले. बाबा ब्रश आणायला धावले आणि 'पाहुण्यांसाठी वेगळे' यावर त्यांनी असा पांढरा फराटा मारला की निम्मा रंग काकांच्या सदऱ्यावर उडाला. वर लिहिलं, 'सगळ्यांचे'. या वेळी किनार द्यायला वेळ नव्हता.

मी खोलीत पळाले, दार लावलं, केस सारखे केले. पडद्यावर तपासणी करणारे सुमंत सर आले. पुण्याचे, चष्मा, मागे नीट लावलेली पुस्तकं.

"पायल, तुमची कामाची जोडणी दाखवा."

मी दाखवली. तीत एकच यंत्र होतं, माझा लॅपटॉप.

सर पडद्याजवळ सरकले. त्याच वेळी बाहेर 'जय भीम'चा असा गजर झाला की माझा माइक थरथरला. पाठोपाठ ढोलकी सुरू झाली. आत्या लाइव्ह गेली होती.

"तुमच्या घरी... कोणी आलंय का?"

"थोडे पाहुणे आहेत सर."

"थोडे?"

"दसरा आहे ना सर. नागपूरला असतात."

"आणि त्यांचे फोन?"

मी दुसरी जोडणी उघडली. यादी खाली, खाली, खाली जात राहिली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यात तुमच्या घरचे कुठे आहेत?"

"यातच आहेत सर. सगळे एकत्र."

"म्हणजे तुम्ही फक्त पाहुण्यांना बाजूला नाही ठेवलं. सगळ्या घरापासून काम बाजूला ठेवलंत." सर म्हणाले. "हे आम्ही नियमात लिहायला हवं होतं. कोणी सुचवलं तुम्हाला?"

"आमच्या आत्यानं," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सरांनी आणखी बरंच विचारलं. लॅपटॉपचा पासवर्ड कधी बदलता, दाराला कडी आहे का, खिडकीतून लॅपटॉपचा पडदा दिसतो का. बाहेर ढोलकी कधी थांबली मला कळलं नाही. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, चालू ठेवा घरून. आणि दसऱ्याच्या शुभेच्छा." पडदा काळा झाला, तशी मी खुर्चीतच गोल फिरले, दोनदा.

मग लक्षात आलं की बाहेर एकदम शांत आहे. आमच्या घरात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शांत? आत्या पुन्हा रुसली की काय?

मी दार उघडलं. समोरच्या खोलीत, व्हरांड्यात, थेट अंगणापर्यंत पंगत बसली होती. वाढून झालं होतं. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, सगळ्यांच्या ताटात. आणि एकाही ताटाला कोणाचा हात लागलेला नव्हता. भात थंड झाला होता. लहान पोरं ताटाकडे टक लावून बसली होती. जितेंद्रकाका पांढऱ्या ठिपक्यांच्या सदऱ्यात डोळे मिटून, भुकेनं अर्धमेले. पहिल्या ओळीत आत्या आणि बाबा, आणि दोघांच्या मधे एक ताट होतं, त्यासमोर कोणी नव्हतं.

"जेवून नाही घ्यायचं का!" मी ओरडले. मला रडूच येत होतं, म्हणून ओरडले. "किती वेळ झाला! मले वेळ लागते हे माहीत नाही का तुमाले?"

"ओरडू नको. ये, बस," आत्या म्हणाली आणि माझा हात धरून मला खाली ओढलं. "तू बसली आमच्यासाठी वेगळी. जेवाले नाही बसायची."

मी बसले. बाबांनी माझ्या ताटात लिंबू पिळलं. सगळ्या पंगतीनं एकदम पहिला घास घेतला. पलीकडून आईनं वाकून हळूच विचारलं, "पुण्याचं काय झालं वं?"

तोंडात घास होता, डोळ्यांत पाणी होतं, नीट बोलता येईना.

"नाही जात," मी म्हणाले. "भात वाढ."