काळ्या तव्याचा शेक

ज्योत्स्नाच्या लेकराचं अजून नावही ठेवलं नव्हतं. थंडी अशी पडली होती का वारं हाडात शिरे. इंदूबाईनं बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पोत्यानं बुजवली, दाराले आतून वाकळ टांगली अन् ताकीद देली, "लेकराले वारं लागलं तर मी आहे अन् तू आहे."

ही ताकीद धाकट्या लेकीले होती. तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. नववीतून शाळा सोडलेली, एका जागी बूड टेकत नव्हतं, अन् जीभ म्हणजे तापलं तेल. कापसानं दोन सालं दगा देला म्हणून जावई सुरतेले कामाले गेलेला, ज्योत्स्ना बाळंतपणाले इथं तिवश्याजवळच्या माहेरी आलेली. त्याच खोलीत मित्रानं आपला पिंजरा टांगला होता. हिरव्या-पिवळ्या पाखरांची जोडी, कापूस वेचायच्या मजुरीतून अमरावतीच्या बाजारातून आणलेली. छपरीत गारठून मेली असती.

रोज सकाळी गावची सुईण पार्बताबाई लेकराले शेकायले ये. शेगडीवर तवा ठेवायचा, त्याच्यावर फडक्याचा बोळा दाबायचा अन् ऊन ऊन बोळा लेकराच्या पोटाले लावायचा. साऱ्या गावाचे लेकरं तिनं असेच शेकले. पण लोखंडी तवा आता घरात नव्हता. इंदूबाईनं तो अन् जुन्या साड्या भांडेवालीले देऊन काळा गुळगुळीत नॉनस्टिक तवा घेतला होता. "धिरडं चिकटतच नाई बाप्पा," असं गल्लीभर सांगत फिरे.

त्या दिवशी पार्बताबाईनं खोलीतल्या शेगडीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्याचे लालभडक निखारे भरले, त्याच्यावर रिकामा तवा ठेवला अन् वाकळ सारून बाहेर आली.

"तापू दे चांगला. तवरिक घोटभर चहा घेतो."

"मावशी, तुमचा घोट म्हणजे अर्धा गंज," मित्रा म्हणे.

"तुह्या सासूले मी सांगून येईन, पोरगी नको, पायतण बरं."

हसत-बोलत चहाचा दुसरा कप झाला. मित्रा पाखराले दाणे टाकायले उठली. वाकळ बाजूले केली अन् नाकात काहीतरी टोचलं. प्लास्टिक जळल्यावानी, पण त्याहून तिखट. तव्यावरून निळसर धूर निघून राहिला होता, इतका पातळ का निरखून पाहणाऱ्यालेच दिसावा.

पिंजऱ्यात दांडी रिकामी होती. पिवळं पाखरू खाली उताणं पडलेलं. हिरवं कोपऱ्यात चोच वासून धापा टाकत होतं. मित्राच्या डोळ्यादेखत तेही कलंडलं.

तिची नजर खाली गेली. पिंजऱ्याच्या खालीच बाज होती. बाजेवर ज्योत्स्ना झोपलेली, अन् तिच्या कुशीत लेकरू. हलत नव्हतं.

मित्रानं वाकळ ओरबाडून काढली, लेकरू उचललं अन् उघड्या आंगणात धावली.

"कावून वं, येडी झाली काय?" इंदूबाई कडाडली. "थंडीत नेलं लेकरू. दे इकडं."

"तवा बाहेर फेका आई. पाखरं मेले."

पार्बताबाईनं आत डोकावून पाहिलं. "मेले त मेले. पाखरानं बला आपल्या अंगावर घेतली, लेकराची टळली. दार लाव."

"बला शेगडीवर ठेवली तुमी, मावशी. वास नाई येत तुमाले?"

इंदूबाईनं तिच्या कानाखाली वाजवली. मित्रा जागची हलली नाही. लेकराच्या नाकाखाली बोट धरून उभी राहिली. काही लागेना. बोटच सुन्न होतं, का श्वासच नव्हता, कळेना. आतून ज्योत्स्ना खोकत खोकत उठून आली, "काय झालं माह्या लेकराले?" तेव्हा बोटाले बारीकशी ऊब लागली. मग लेकरू रडलं. इतकं रडलं का इंदूबाई मटकन खाली बसली.

मित्रानं सांडशीनं तवा उकिरड्यावर फेकला, अन् काळीपिवळी जीपमंदी बसून सगळे तिवश्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईनं लेकराची छाती तपासली, ज्योत्स्नाची तपासली.

"असा तवा मंद आचेवर, त्यात काही घालून वापरायचा. रिकामा कडक तापवला का वरचा थर जळते. त्याच्या धुरानं पाखरं पहिले मरतात. माणसाले थंडी-ताप येते. आज रात्रभर लेकराच्या श्वासावर नजर ठेवा, खोली कोंडून घेऊ नका. धाप लागली तर तसेच निघून या."

दुपारून ज्योत्स्नाले हुडहुडी भरली. मित्रानं दोन पाखरं चिंचेखाली पुरले, हात धुतले अन् बाजेजवळ बसली. लेकराची छाती वर-खाली होय, तिची नजर वर-खाली होय.

पार्बताबाई दिवेलागणीले आपल्या घरचा लोखंडी तवा घेऊन आली. तवा उंबऱ्याशी ठेवला अन् गेली.

तेवढ्यात लेकरू शिंकलं.

इंदूबाई दार लावायले चटकन उठली. कडीले हात लावला. मित्रानं वर रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं. इंदूबाईनं हात मागं घेतला. मग उंबऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून, पदर दोन्ही बाजूले पसरून बसली. दार उघडंच राहिलं.