ताईच्या चपला आणि माझं पोट

मित्रांनो, आधीच नाक मुरडू नका. होय, मी एक जुनी बाबागाडी आहे. माझं पुढचं चाक कुरकुरतं, छताचा रंग उडाला आहे आणि कुणी धसमुसळेपणानं चढलं की मी मागच्या मागे कलंडते. पण एके काळी माझाही थाट होता बरं का!

कारखान्यात मला चाकं बसली, दुकानात मी काचेमागे दिमाखात उभी राहिले आणि एका जोडप्यानं मला पसंत केलं. त्यांच्या छकुलीला घेऊन मी रस्त्यानं निघाले की लोक वाकून बघायचे. "अगं बाई, किती गोड!" म्हणायचे. ते म्हणायचे छकुलीला, पण त्यातलं निम्मं कौतुक मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचे. पुढे छकुली चालायला लागली आणि माझी रवानगी मागच्या लहान खोलीत झाली, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. लांब जायचं असलं तरच माझी आठवण व्हायची.

त्याच खोलीत एक दिवस ताई राहायला आली. ताई ऑ-पेअर म्हणून आली होती. म्हणजे काय, तर परक्या देशातल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांचं मूल सांभाळायचं, तिथली भाषा शिकायची आणि त्या कुटुंबानं तुम्हाला घरच्यासारखं वागवायचं. भाषा आली की ताईला इथल्याच बालवाडीत शिक्षिका व्हायचं होतं. "ताई" हा शब्दही तिनंच छकुलीला शिकवला.

छकुलीची आई इस्पितळात नर्स होती. मनानं चांगली, पण सदा घाईत. "हे सामान पुढच्या आठवड्यात हलवते हं," असं ती ताईला पहिल्याच दिवशी म्हणाली. तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही, आणि ताईनंही कधी तोंड उघडलं नाही. तिनं पलंगाखाली चपला ठेवल्या, खिळ्याला आईबाबांचा फोटो टांगला, खिडकीत तेलाची बाटली आणि फणी मांडली आणि माझ्या दांड्यावर ओला टॉवेल वाळत घातला. खरं तर मला राग यायला हवा होता. पण ती माझी चाकं पुसायची, कुरकुरणाऱ्या चाकाला स्वतःच्या डोक्याचं तेल लावायची. मग कसला राग नि कसलं काय!

असं सगळं बरं चाललं असताना परदेशातून आलेल्यांना राहण्याचा परवाना देणाऱ्या कार्यालयातून निरोप आला. अधिकारी घर बघायला येणार होत्या. ऑ-पेअरला राहायला स्वतःची खोली हवी, असा नियम होता. तशी खोली नसली तर ताईचा परवाना रद्द होणार होता आणि तिला परत जावं लागणार होतं. ताईनं रडत रडत आपल्या आईला फोन लावला.

"रडतेस काय वेड्यासारखी?" आई म्हणाली. "खोली कशी लख्ख ठेव. इकडे कपडे, तिकडे चपला, असा पसारा दिसता कामा नये. लोक म्हणतील, आईनं काही वळण लावलं नाही!"

झालं! ताई पदर खोचल्यासारखी कामाला लागली. कपडे बॅगेत आणि बॅग कपाटात गेली. चपला, फणी, बाटली, टॉवेल, फोटो, सगळं माझ्या सीटखालच्या टोपलीत कोंबलं आणि वर पांघरूण टाकलं. खोली अगदी आरशासारखी झाली. मी ओरडून सांगणार होते, "अगं, असं नको करूस!" पण बाबागाडीला तोंड कुठलं?

अधिकारी बाई आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"इथे कोण राहतं?"

"मी," ताई म्हणाली.

"मग तुमचं सामान कुठे आहे? इथे तर बाबागाडी आणि इस्त्रीचं टेबल दिसतंय. ही अडगळीची खोली आहे. खरं सांगा, तुम्ही झोपता कुठे? स्वयंपाकघरात?"

"नाही हो, इथेच झोपते ती!" छकुलीची आई कळवळून म्हणाली. पण बोलताना तिची नजर माझ्यावर पडली आणि तिचा चेहराच उतरला. ताईची तर शिकलेली सगळी भाषा ऐन वेळी पळून गेली. बाईंनी पेन उघडलं.

एवढ्यात छकुली धावत आली. "ताई, भुर्र!" म्हणत तिनं माझ्यावर उडी घेतली आणि मी माझ्या खोडीप्रमाणे मागच्या मागे कलंडले. ताईनं छकुलीला वरच्या वर झेललं. पण माझ्या पोटातलं सगळं जमिनीवर सांडलं. तेलाची बाटली घरंगळत थेट बाईंच्या बुटांशी गेली.

"ताईची बाटी!" म्हणत छकुलीनं ती उचलली आणि खिडकीत ठेवली. फणी तिच्या शेजारी ठेवली. चपला पलंगाखाली सरकवल्या, टॉवेल ओढत आणून माझ्यावर टाकला आणि फोटो हातात घेऊन त्या खिळ्याखाली टाचा उंचावत उभी राहिली. "ताईचे बाबा इथे!"

बाईंनी पेन मिटलं. फोटो त्यांनीच खिळ्याला लावला.

"सगळं लपवलं कशाला?"

"कुणी येणार असलं की आमच्याकडे आवरून ठेवतात," ताई रडवेली होऊन म्हणाली. "आपला पसारा त्यांना दिसू नये म्हणून."

"अहो, मी खोली स्वच्छ आहे का ते बघायला आले नव्हते. तुम्ही या घरात राहता का, ते बघायला आले होते!" बाई हसल्या. मग छकुलीच्या आईकडे वळून म्हणाल्या, "आणि ही अडगळ आजच्या आज बाहेर. मी पुन्हा येऊन बघेन."

ताईचा परवाना वाचला आणि बेघर झाले मी! छकुलीच्या आईनं स्वतः मला ढकलत दाराजवळ आणलं. "चुकलं गं माझं," ती ताईला म्हणाली. मग तिनं पलंगाखालच्या चपला उचलून आणल्या आणि दारातल्या रांगेत, स्वतःच्या आणि छकुलीच्या चपलांच्या मधे ठेवल्या. ताई तेव्हा हुंदके देऊन रडली.

आता ताई बालवाडीत शिकवते. जाताना तिनं मला मागून घेतलं. मुलं माझ्यात बाहुल्या बसवतात आणि मी अजूनही कलंडते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या चाकाला कधी तेल घातलंत तर मी दुवा देईन. नाही घातलंत तरी कुरकुरत चालेन. पण दुरून कुणी तुमच्या घरी राहायला आलं, तर एवढं जरूर करा. त्याच्या चपला तुमच्या चपलांशेजारी ठेवा, आणि कोणीही आलं तरी तिथेच राहू द्या.