सासूबाईंची तक्रार

अख्ख्या वॉर्डात एकच पेशंट माझं डोकं खात होती, आणि ती माझी सासू!

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मी वॉर्डची मुख्य नर्स. आमचा नियम असा, की गोळी देण्याआधी पेशंटने स्वतःच्या तोंडाने नाव आणि जन्मतारीख सांगायची. ओळखीचा असो, नात्यातला असो. बाहेरचे तपासणीवाले येऊन हॉस्पिटलला दर्जाचं मानांकन देणार होते, त्यासाठी वर्षभर आम्ही ही सवय अंगी मुरवत होतो. ते हुकलं तर ऑपरेशन थिएटरला कुलूप, आणि मोडलेली हाडं घेऊन लोकांनी डोंगरापलीकडच्या शहरात जायचं.

"आई, नाव सांगा."

"इतकी वर्षं माझ्या हातचं खातेस आणि मला नाव विचारतेस? येऊ देत ते तपासणीवाले, तुझी अशी तक्रार करते की बघच!"

ही बाई बोलली की करणार.

तपासणीच्या बाई आल्या. चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ! नेमक्या सासूबाईंच्याच खाटेपाशी थांबल्या. "आजी, काही तक्रार?"

झालं! सोबतच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"आहे तर! ही माझी सून. तरी मेली प्रत्येक गोळीला नाव विचारते! काल मी रुसून तोंड फिरवलं, तर गोळी घेऊन तशीच उभी. सांगेपर्यंत दिली नाही. दुखत होतं हो मला!"

"एकदाही सोडलं नाही?"

"ती कसली सोडतेय! आणि हे डॉक्टर, भूल देण्याआधी मलाच विचारतात, कुठला गुडघा? डॉक्टर कोण, मी की हे?"

बाई चक्क हसल्या. "आजी, जिथे सासूलाही सूट नाही, तिथे परक्याने निर्धास्त झोपावं. आम्ही एवढंच बघायला येतो."

निकाल लागला तेव्हा सासूबाई दुसऱ्या गुडघ्यासाठी त्याच खाटेवर होत्या. मोठे डॉक्टर जिन्यातूनच ओरडत आले, "मिळालं! मिळालं!" वॉर्डभर नुसता दंगा. मी चारचौघांत खुशाल रडले. जिंकलो होतो आम्ही!

त्याच भरात डोळे पुसत मी सासूबाईंपुढे गोळी धरली.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. हात आडवा केला.

"आधी नाव विचार."