काडेपेटी

डॉक्टरसाहेब, हौसाच्या कागदावर ‘रोग नाही, अंगचोर’ हे तीन शब्द तुम्ही लिहिलेत. लिहिताना तिच्याकडे मान वर करून बघितलंतही नाही.

त्या कागदाने तिचा संसार मोडला. पावस गावाच्या अलीकडे, सासरच्या पोफळीच्या आगरात, सुपारीच्या बागेत, हौसा दिवसभर शिंपणं करायची. बाळंतपणानंतर ती घागर टेकून जागच्या जागी पेंगू लागली. सांगितलेलं विसरायची. कुंपणाच्या गडग्याची तांबडी माती चोरून खायची. सासूने आधी अंगारे लावले, मग तुमचा कागद आणला, आणि दोन वर्षांची लेक काशी ठेवून घेऊन हौसाला माहेरी धाडलं.

आईने, गंगुबाईनेही, पहिल्या दिवशी तिलाच बोल लावला. “माती खातेस? माझं नाव घालवलंस गो!”

हौसाने ओठांची माती पदराने पुसली. तिची नखं पांढरीफटक होती. गंगुबाईला ती दिसली, कळलं मात्र नाही. कळलं ते शेजारच्या हारुनला. तो खलाशी, बोटीवरून सुट्टीवर आलेला.

“काकी, ही आळशी नाय. मी पण असाच पेंगायचो, कप्तान आईबापावरून शिव्या घालायचा. बोटीच्या डॉक्टरानं तपासलं, तर पोटात किडे! रक्त पितात मेले. हिची शी काडेपेटीत घाला नि साहेबाकडे न्या.”

तिने नेली. तुम्ही ती पेटी फूटपट्टीने ढकलून टाकलीत. “म्हातारे, विडी कुठाय?” म्हणालात. अख्खा दवाखाना हसला.

दुसऱ्या दिवशी गंगुबाई नवी काडेपेटी घेऊन, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, रत्नागिरीला गेली. तिथल्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकात बघितलं.

“पोट किड्यांनी भरलंय. मातीतून अनवाणी पायात शिरतात हे. आगरात वहाणा घालत नाही?”

“आगरात वहाणा? देवळात घालतं काय कोण?”

बोलली आणि थबकली. त्याच ओल्या सावलीत, पोफळीआड, सगळी वाडी परसाकडेला बसायची.

औषध झालं, लोखंडाच्या गोळ्या झाल्या. तीन महिन्यांत हौसाचं माती खाणं सुटलं. भरली घागर घेऊन ती न टेकता चालू लागली. गंगुबाई तिला सासरी घेऊन गेली. सासूने दार अडवलं.

“साहेबानं लिहिलंय. हा घ्या कागद, त्यानंच खोडून द्यावं, मग आत या.”

आतून काशी आईकडे बघत होती. परक्या बाईकडे बघावं तशी.

आता गंगुबाई तुमच्या टेबलापुढे उभी आहे. पायात वहाणा, हातात तोच कागद.

“बसत नाय मी. माझी लेक अंगचोर होती की आजारी? सगळ्यांदेखत सांगा, साहेब.”