रजईखालचे दत्तात्रयकाका

नरसिंहने व्हिडिओ बघून बघून घरात रॉकेट हीटर बांधायचं काढलं, तेव्हा विनयाने एकच अट घातली: आईंचे गुडघे सरळ होणार असतील तरच. तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर, दिल्लीतला जानेवारी, आणि सासूबाई, इंदुमतीबाई, दिवाळीपासून घडी घातलेल्या खुर्चीसारख्या बसलेल्या.

मग मागच्या व्हरांड्यात विटांची चूल झाली, तिच्यावर पालथं पिंप आलं. पिंपातून निघालेला पत्र्याचा पाइप भिंतीला भोक पाडून बैठकीत शिरला आणि धूर घेऊन पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडला. त्या पाइपवर नरसिंहने सहा फुटी मातीचा ओटा लिंपला. खोक्यांच्या चार फळ्या जाळल्या की ओटा दुसऱ्या सकाळपर्यंत उबदार. माती वाळायलाच महिना गेला, पण चूल पेटल्यापासून आठव्या दिवशी इंदुमतीबाईंनी पाय पसरले. दोन्ही.

नवव्या दिवशी इन्स्पेक्शन आलं. क्वार्टर कुणी परस्पर भाड्याने दिलंय का, एवढंच बघायला एक बाबू फॉर्म घेऊन फिरत होता. बैठकीत ओट्यावर ऊब टिकावी म्हणून रजई पसरलेली, एका टोकाला लोड आणि त्यावर इंदुमतीबाईंची माकडटोपी.

“ये कौन सोया है?” म्हणत बाबूने रजईखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. “अरे! इनको तो तेज़ बुखार है!”

विनयाचं डोकं भराभर चाललं. बांधकाम म्हणून सांगितलं तर आजच ओट्यावर हातोडा. भाडेकरू निघाला तर क्वार्टरच जाणार.

“चाचाजी हैं,” ती म्हणाली. “इनके चाचा. दत्तात्रय नाम है.”

नरसिंहने चहाचा कप खाली ठेवला. बाबूने फॉर्मवर पेन टेकवलं.

“कब से हैं?”

“डेढ़ महीना.” हे तरी खरं होतं.

“शरीर भारी लगता है.”

“एक टन!” नरसिंहला राहवलं नाही. विनयाने त्याच्या पायावर पाय दिला.

“उठाइए ज़रा, साइन चाहिए.”

“उठते नहीं, भाईसाहब.”

बाबूला शंका आली. तो बाजूला खुर्चीत बसलेल्या इंदुमतीबाईंकडे वळला. “माताजी, आप सच बताइए. आपके देवर हैं?”

सासूबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. फुकट आलेल्या कोथिंबिरीबद्दलसुद्धा नाही.

“देखो भैया,” इंदुमतीबाई म्हणाल्या, “हमारे यजमान को भाई था ही नहीं.”

नरसिंहने डोळे मिटले.

“लेकिन इसने आठ दिन में मेरे लिए जो किया, वो सगा देवर नहीं करता. बोलता नहीं, खाने को माँगता नहीं. पड़ा रहता है बिचारा. हमने घर का ही माना है.”

बाबूने नाक पुसलं. फॉर्मवर लिहिलं: आश्रित, माने हुए देवर. सहीच्या जागी लिहिलं, ‘बीमार’. जाताना त्याने वाकून रजईच्या टोकाला, जिथे पाय असायला हवे होते तिथे, नमस्कार केला. “पैर कितने सख़्त हो गए हैं,” तो हळहळला. “डिस्पेंसरी का कार्ड बनवा लीजिए.”

दार लागलं. नरसिंह ओट्याच्या कडेला टेकला.

“विनया, पुढचं इन्स्पेक्शन जूनमध्ये असतं. तेव्हा काका थंडगार असणार! काय सांगायचं?”

“बिलकुल खरं सांगायचं,” इंदुमतीबाई माकडटोपी डोक्यावर ओढत म्हणाल्या. “गार पडले. दहा दिवस सुतक पाळू. आता सरक रे, मला पाय टाकू दे.”