कोण ओरडतंय ते बघू

विद्यापीठातल्या सगळ्या संगणकवाल्यांना एका छपराखाली आणायचं ठरलं, तेव्हापासून दादाच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. नेटवर्कचा कारभार त्याच्याकडे, म्हणून अख्खं आवार त्याला दादाच म्हणायचं, वयाने मोठे प्राध्यापकसुद्धा. आजवर प्रत्येक विभागाचा आपापला माणूस असायचा. प्रिंटर अडला, नेट गेलं, की त्याला हाक मारायची. तो येऊन टेबलाखाली शिरायचा आणि काम व्हायचं. आता ते सगळे उचलून ग्रंथालयाच्या तळघरात आणून बसवले होते, आणि त्यांच्या डोक्यावर एक नवे संचालक. हे कुठल्याशा कंपनीतून आलेले. ‘एक खिडकी, एक खिडकी’ असा त्यांचा जप चालायचा, म्हणून तळघराने त्यांचं नाव एकखिडकी ठेवून दिलं. तळघराला खिडकी एकही नव्हती, ते सोडा.

नियम साधा होता. ज्याचं अडलंय त्याने तिकीट टाकायचं, म्हणजे संगणकावर तक्रार भरायची. फोन नाही, ओळख नाही, जिन्यात गाठून ‘जरा बघता का’ नाही. ज्याचं नेटच गेलंय त्याने तिकीट कशावरून टाकायचं, असं दादाने पहिल्याच बैठकीत विचारलं. एकखिडकी हसले, म्हणाले की हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. आणि मग सगळ्यांदेखत त्यांनी दादालाच धारेवर धरलं. काही ठिकाणची कामं म्हणे घरगुती फोनवर होतात. नाव त्यांनी घेतलं नाही, पण तळघरात कुणाला कळायचं राहिलं नाही. दादाची धाकटी बहीण आवाराच्या टोकाला, टेकडीवरच्या भूकंपघरात कामाला होती.

भूकंपघर म्हणजे एक खोली आणि जमिनीत पुरलेलं एक यंत्र. जमीन जराशी हलली तरी ते टिपून ठेवायचं, आणि ती नोंद नेटवरून एका मोठ्या संघटनेकडे जायची. देशोदेशीची अशी केंद्रं त्या संघटनेत होती, आणि धाकटीचा पगारही तिथूनच यायचा. अट एकच, नोंद तुटता कामा नये. यंत्राच्या पोटात थोड्या दिवसांचंच मावायचं, पुढची नोंद मागचीवर चढायची. मोठी फट पडली की केंद्र बाद, आणि केंद्र बाद म्हणजे धाकटीची नोकरी बाद. दादाला हे तोंडपाठ होतं. आजवर टेकडीवरची वायर जरा रुसली, की ती फोन करायची आणि हा हातातलं टाकून धावत सुटायचा.

त्या बैठकीचा सगळा राग त्याने संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या धाकटीवर काढला.

“यापुढे मला फोन करायचा नाही. सगळं जग तिकीट टाकतं, तूही टाक. तुझ्यापायी मी लोकांचं ऐकून घेणार नाही.”

आईने अरे, हळू, असं म्हणून पाहिलं. धाकटी खाली मान घालून जेवली. ती मुळातच तोंडाने कमी आणि हट्टाने जास्त. भाऊ नको म्हणाला ना, मग आता काय वाट्टेल ते होवो, ती फोन करणार नव्हती.

पुढे जुन्या वायरींची पाळी आली. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली एक कोंदट खोली होती. सगळ्या आवाराच्या वायरी तिथल्या एका कपाटात येऊन मिळायच्या, आणि कुठली वायर कुणाची हे देवालाच ठाऊक. टाकणारे कधीच निवृत्त झालेले, आणि कागदावरचा नकाशा भलत्याच इमारतीचा. अशा वेळी नेटवाल्यांची एक जुनी रीत आहे. वायर उपटायची आणि कोण ओरडतंय ते बघायचं. ओरडला की परत लावायची, त्याला नव्या जोडणीवर नेल्याशिवाय हात लावायचा नाही. आठवडाभर कुणी ओरडलंच नाही, तर वायर मेलेली समजायची. ऐकायला रानटी वाटतं, पण चालतं.

रसायनवाले लगेच ओरडले. हिशेबवाले तर जिना उतरून अंगावर आले. दादाने मुकाट्याने दोघांच्या वायरी परत लावल्या. तळाची एक राखाडी वायर उपटली, तेव्हा मात्र कुठेच काही हू की चू झालं नाही. टेकडी नव्या जोडणीवर गेल्याचं वायरींच्या कंत्राटदाराने सांगितलं होतं. त्या पठ्ठ्याने पायथ्याच्या उपाहारगृहापर्यंत नवी वायर नेली होती आणि त्यालाच तो टेकडी म्हणत होता. दादा एरवी स्वतः वर चढून बघून आला असता. पण बहिणीच्या दारात त्याला कुणी पाहिलं असतं, तर पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं. तो गेला नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना धाकटीने तोंड उघडलं. “दादा, वर आमच्याकडे...”

त्याने घास न थांबवता हात वर केला. “तिकीट टाकलंस?”

“टाकलंय.”

“मग झालं तर. नंबर लागेल.”

तिने पाण्याचा पेला उचलला आणि पुढचं बोलणं घोटाबरोबर गिळून टाकलं. दादाला मनातून बरंच वाटलं. घरात शिस्त आली, असं त्याला वाटलं.

आठवडा सरला. बैठकीत एकखिडकींनी भिंतीवर आलेख दाखवला, पडून राहिलेल्या तक्रारी शून्य. टाळ्या झाल्या. इतक्या महिन्यांच्या कटकटीनंतर एक दिवस तरी कुणी शाबासकी दिली, म्हणून दादाही सुखावला. घरी येऊन त्याने आईला सगळं रंगवून सांगितलं, शेवटची वायर उपटली आणि एकसुद्धा माणूस ओरडला नाही, हेही.

“ओरडलं नाही म्हणजे कुणाचं अडलंच नाही, असं?” धाकटीने विचारलं.

“नाहीतर काय.”

ती ताट उचलून आत गेली. दादा आईला म्हणाला, हिला माझं कधी कौतुकच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी भूगोलाचे प्रमुख त्याला जिन्यात भेटले. भूकंपघर नव्या रचनेत त्यांच्या खात्यात ढकललं होतं, आणि त्यांना ते नकोच होतं. ते हळहळत म्हणाले, वाईट झालं हो तुमच्या बहिणीचं, केंद्र गेलं शेवटी. दादा जिन्याखालच्या खोलीत धावला आणि राखाडी वायर खटकन बसवली. हिरवा दिवा लगेच लुकलुकायला लागला. एवढंच काम होतं, एका बोटाचं.

मग त्याने तिकिटं धुंडाळली. विभागांच्या यादीत भूकंपघर नव्हतंच, भूगोलात विरघळलं होतं. भूगोल निवडावं तर तिकीट प्रमुखांच्या संमतीसाठी अडायचं, आणि प्रमुख संमती देत नव्हते. म्हणून तिने ‘इतर’ निवडलं होतं. ‘इतर’च्या तक्रारी कुणी बघायच्या? फोनवाल्यांना वाटलं नेटवाले बघतात, नेटवाल्यांना वाटलं मदतकक्ष बघतो, आणि आलेखात ‘इतर’ हा रकानाच नव्हता. धाकटीची तिकिटं तिथे एकावर एक पडली होती. ती तळघरातही येऊन गेली होती म्हणे, आणि तिला सांगितलं होतं की तिकीट टाकलंय ना, मग बसा निवांत. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती काढायची कुणावर?

तो धापा टाकत टेकडी चढला. धाकटी जमिनीतून काढलेलं यंत्र खोक्यात भरत होती. दादा दारातूनच बोलत सुटला. वायर लागलीय, मी संघटनेला पत्र लिहितो, चूक आमची आहे म्हणून सांगतो, त्या एकखिडकीला सोडत नाही. तिने त्याला सगळं बोलू दिलं.

“संघटनेने तीनदा विचारलं, वायर कधी लागेल,” ती म्हणाली. “मी काय सांगणार होते? आता ते यंत्र दुसऱ्या केंद्राला देतायत. मला महिनाअखेरपर्यंत ठेवलंय.”

दादा खुर्चीत बसला. त्याला रडू फुटेल की काय असं झालं होतं, आणि रडू आवरायला त्याला रागाशिवाय दुसरं काही सापडेना.

“अगं, पण मी रोज समोर बसत होतो. एकदा, एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर.”

धाकटीने खोक्यात कापूस दाबून बसवला. तिचा आवाज चढला नाही.

“ओरडायलाच आले होते, दादा. तू हात वर केलास.”

मग तिने खोक्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं. त्याने उठून धरलं.